दोन मिनिटांची तबकडी



गेल्या महिन्यात आमचे चिरंजीव प्रिन्सटन रेकॉर्ड एक्सचेंजमधून एक जुनी एलपी घेऊन आले. कव्हरवर फिकट निळी पार्श्वभूमी आणि त्यापुढे ओळीत उभे चार तरुण. कपडे साधे, चेहऱ्यावर मुद्दाम आणलेला कुठलाच भाव नाही. मी म्हटलं, "ही तर आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचची मुलं वाटतात. व्हायवासाठी बाहेर थांबलेली." तो म्हणाला, "बाबा, हे आपल्याकडचे आहेत."

मराठी घरात "आपल्याकडचे" म्हटलं की डोळ्यांपुढे सातारा-सांगली येतं. त्याला अभिप्रेत होतं न्यू जर्सी. हॅलेडन नावाचं गाव. आपल्या एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवेने उत्तरेला निघालात, तर वाहतूक बरी असल्यास तासाभरात पोचाल.

त्या चौघांच्या बँडचं नाव द फीलीज. आज तुम्हाला गोष्ट सांगायची आहे ती मात्र त्या एलपीची नाही. तिच्या आदल्या वर्षी, १९७९ साली, याच मुलांची एक छोटी तबकडी निघाली होती, त्या तबकडीची. तिच्यावरचं मुख्य गाणं जेमतेम दोन मिनिटांचं. ती निघाली तेव्हा फारसं काही घडलं नाही. तरीही तिची गोष्ट तुम्हाला का सांगावीशी वाटली, ते शेवटापर्यंत कळेल अशी आशा आहे.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. आपण ज्याला एडिसन म्हणतो त्या टाउनशिपचं नाव १९५४ पर्यंत रॅरिटन होतं. नाव बदललं ते मेन्लो पार्कमुळे. तिथे थॉमस एडिसनची प्रयोगशाळा होती आणि १८७७ साली तिथेच फोनोग्राफ तयार झाला. माणसाचा आवाज पकडायचा आणि तोच परत ऐकवायचा, हे जगात पहिल्यांदा आपल्या घरापासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर घडलं. क्रिस्टी स्ट्रीटवरचा तो मनोरा तुम्ही पाहिलाच असेल. नसेल, तर पाहुणे आले की न्यायला चांगली जागा आहे.

एक गोष्ट मात्र मनोरा बघताना लक्षात येत नाही. तो पहिला आवाज आज शिल्लक नाही. एडिसनने तो कथलाच्या पातळ पत्र्यावर उमटवला होता. सुई दोन-चारदा फिरली की पत्रा झिजायचा, फाटायचा. एडिसनच्या आवाजातलं ते बालगीत आज ऐकायला मिळतं, पण ते बऱ्याच वर्षांनी, १९२७ साली, पुन्हा म्हणून घेतलेलं आहे. म्हणजे आवाज नोंदवणं वेगळं आणि तो टिकवणं वेगळं. हे वाक्य ध्यानात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

पत्रा गेला, मेणाची नळी आली, आणि मग एमिल बर्लिनरची सपाट तबकडी आली. तबकडीचा मोठा फायदा असा की साचा एकदा केला की हव्या तितक्या प्रती छापता येतात. या धंद्याचं मोठं केंद्रही आपल्याच राज्यात, दक्षिणेला कॅम्डेनमध्ये उभं राहिलं. ती व्हिक्टर कंपनी. तिचं चिन्ह तुम्हाला पाठ आहे. कर्ण्यासमोर बसून कान टवकारणारा कुत्रा. आपल्या आजोबांच्या घरी एचएमव्हीच्या रेकॉर्डवर जो कुत्रा गोल फिरायचा, तोच इकडे व्हिक्टरच्या तबकडीवर बसला होता. गंमत म्हणजे मूळ चित्रात तो कुत्रा फोनोग्राफसमोर बसला होता. ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेताना चित्रकाराला यंत्र बदलायला लावलं.

पुढे व्हिक्टर कंपनी आरसीएकडे गेली आणि १९४९ साली आरसीए व्हिक्टरने सात इंचांची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी तबकडी बाजारात आणली. एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला दुसरं. हीच ती सिंगल. एलपी म्हणजे साग्रसंगीत ताट धरलं, तर सिंगल म्हणजे बटाटेवडा. स्वस्त, पटकन, हातात धरून खाण्यासारखा. तरुण मुलांना परवडणारी. रॉक संगीत याच तबकडीवर वाढलं.

आता १९७६-७७ मध्ये येऊ. तोवर हा धंदा मोठ्या कंपन्यांच्या हातात गेला होता. गाणं रेकॉर्ड करायचं तर महागडा स्टुडिओ हवा, कंपनीचा करार हवा, जाहिरात हवी. लंडनमध्ये पंकवाल्या पोरांनी आरडाओरडा केला तो या सगळ्याविरुद्ध. पण त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या सेक्स पिस्टल्सनेही पहिली सिंगल काढली ती ईएमआयकडून, म्हणजे आपल्या एचएमव्हीच्या मातृसंस्थेकडून. ईएमआयने त्यांना काही महिन्यांतच, जानेवारी १९७७ मध्ये, बाहेरचा रस्ता दाखवला.

त्याच महिन्यात मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने वेगळा मार्ग धरला. घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले, चार गाण्यांची एक तबकडी स्वतःच छापली, आधी हजार प्रती. त्या संपल्या, म्हणून आणखी छापल्या. पुढच्या वर्षी स्क्रिट्टी पोलिट्टी नावाच्या बँडने तर आपल्या सिंगलच्या वेष्टनावर खर्चाचा हिशोबच छापून टाकला. स्टुडिओचे किती, छपाईचे किती, लेबलांचे किती. मी एमबीए करताना कॉस्ट शीटचे बरेच नमुने पाहिले, पण ज्याने धंदा करणाऱ्यांची मक्तेदारी मोडायला मदत केली असा हा एकच. "एवढ्यात होतं, तुम्हीही करा" हा त्याचा अर्थ होता.

या लाटेला नंतर पोस्ट-पंक म्हटलं गेलं. पंकनंतरचं म्हणून पोस्ट-पंक, एवढा सोपा अर्थ. आरडाओरडा कमी झाला आणि प्रयोग वाढले. आणि या सगळ्यांच्या तबकड्या दुकानादुकानांत पोचवणारी एक जागा तयार झाली. पश्चिम लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिस याने १९७६ साली उघडलेलं रफ ट्रेड हे दुकान. १९७८ पासून दुकानाने स्वतःचं लेबलही सुरू केलं. करार साधा. खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यात निम्मे बँडचे, निम्मे लेबलचे.

इकडे आपलं हॅलेडन. पॅटरसनला खेटून असलेलं छोटं गाव. पॅटरसन म्हणजे रेशमाच्या गिरण्यांचं शहर. १९१३ साली तिथे गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. पॅटरसनमध्ये सभांना बंदी झाली तेव्हा हॅलेडनच्या समाजवादी मेयरने कामगारांना आपल्या गावात बोलावलं. बोट्टो नावाच्या इटालियन विणकर कुटुंबाच्या घराच्या गच्चीतून पुढारी भाषणं करायचे आणि समोरच्या मैदानात दर रविवारी हजारो माणसं जमायची. संप फसला. ते घर आज कामगार चळवळीचं संग्रहालय आहे. परळ-लालबागशी ज्यांचं नातं आहे त्यांनी एकदा जाऊन यावं.

त्याच गावात १९७६ साली ग्लेन मर्सर आणि बिल मिलियन या दोन गिटारवाल्यांनी फीलीज हा बँड उभा केला. नाव घेतलं ऑल्डस हक्सलेच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या कादंबरीतून. त्यातल्या भविष्यकाळात लोक सिनेमा नुसता बघत नाहीत, स्पर्शानेही अनुभवतात. त्या खेळांना तिथे फीलीज म्हणतात. पुढे बेसवर कीथ डीनुन्झिओ आणि ड्रमवर अँटन फिअर आले, आणि तबकडीवर ऐकू येणारी चौकडी पूर्ण झाली.

त्यांचं संगीत कसं, ते शब्दांत सांगतो. दोन गिटार, दोन्हींचा आवाज स्वच्छ, खरखर जवळजवळ नाही. दोन्ही एकदम द्रुत लयीत, एकमेकींत गुंतत जातात. मधे गायकाचा आवाज येतो तो बोलल्यासारखा, मागच्या बाकावरून. आणि तालाला नुसते ड्रम नाहीत. लाकडी ठोकळे, खुळखुळे, घंटा, असं बरंच काही. भजनात पखवाजाच्या जोडीला टाळ, चिपळ्या आल्या की लय कशी अंगात शिरते, ते तुम्हाला ठाऊक आहे. यांच्या गाण्यात तो गुण आहे. लय हळूहळू चढत जाते आणि ती कधी चढली ते आपल्याला समजत नाही.

नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सीबीजीबी हा बार या नव्या संगीताचं माहेरघर झाला होता. फीलीज तिथे जाऊन वाजवायचे आणि रात्री जर्सीला परत यायचे. १९७८ साली 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाने त्यांना न्यूयॉर्कमधला सर्वोत्तम अंडरग्राउंड बँड म्हटलं. अशी शाबासकी मिळाल्यावर कोणीही न्यूयॉर्कमध्ये खोली घेतली असती, गाडी काढून गावोगाव दौरे केले असते. यांनी तसं केलं नाही. कार्यक्रमही मोजकेच, आणि तेही बरेचदा सुट्ट्यांच्या मुहूर्तावर. मेमोरियल डे, फोर्थ ऑफ जुलै वगैरे.

मला हे वाचून आपली हौशी रंगभूमी आठवली. आठवडाभर बँकेत किंवा कचेरीत नोकरी, संध्याकाळी तालीम, आणि प्रयोग गणपतीत नाहीतर राज्य नाट्यस्पर्धेत. इथे आपण काय वेगळं करतो? शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये पेटी निघते. हौशी या शब्दात आपण कमीपणा बघत नाही. हौस म्हणजे पोटासाठी नाही, आवडीसाठी. फीलीजकडे बघताना अमेरिकन समीक्षक गोंधळायचे, ही मुलं महत्त्वाकांक्षी आहेत की नाहीत? मराठी माणसाला हा प्रश्न पडणार नाही.

तर १९७९ साली या बँडची पहिली सिंगल आली. पुढच्या बाजूला 'फा से-ला', मागच्या बाजूला 'रेज्ड आयब्राउज'. काढली कुणी? न्यूयॉर्कच्या कुठल्या कंपनीने नाही. लंडनच्या रफ ट्रेडने. हॅलेडनच्या मुलांचा आवाज समुद्र ओलांडून गेला, तिथे छापला गेला आणि आयात होऊन परत आपल्या राज्यात आला. घरचा आंबा परदेशात डबाबंद होऊन परत फळीवर यावा तसा प्रकार.

'फा से-ला' सुरू होतं आणि तुम्ही नीट बसेपर्यंत संपतं. मोठा सोलो नाही, नाट्यमय शेवट नाही. दोन गिटार धावत येतात, एक ओळ पुन्हा पुन्हा येते, आणि गाडी निघून जाते.

तिचं स्वागत कसं झालं? सरळ सांगायचं तर तक्त्यांमध्ये कुठेही नाव नाही. ती कधी हिट झाली नाही. तिमाहीचा अहवाल लिहायचा असता तर मी लिहिलं असतं, 'उत्पादन दर्जेदार, बाजारपेठ मर्यादित.' पण ज्या थोड्या लोकांनी ती घेतली त्यांत बरेच जण असे होते की जे स्वतः वाजवत होते, लिहीत होते, दुसऱ्याला बोलावून ऐकवत होते.

लगेच पुढची घडामोड झाली. लंडनच्याच स्टिफ या लेबलने त्यांना करारबद्ध केलं आणि १९८० साली 'क्रेझी रिदम्स' ही एलपी काढली. तीच निळ्या कव्हरवाली. सिंगलवरची दोन्ही गाणी तिच्यात आहेत. बीटल्सच्या १९६८ सालच्या 'व्हाइट अल्बम'मधलं एक गाणंही यांनी आपल्या पद्धतीने वाजवलं, आणि स्टिफने ते सिंगल म्हणून काढून पाहिलं. तेही चाललं नाही. समीक्षकांनी एलपीचं मनापासून कौतुक केलं, पण खप बेताचा. स्टिफला हवं होतं रेडिओवर वाजेल असं काहीतरी. बँडच्या पुढच्या कच्च्या ध्वनिमुद्रणात त्यांना तसं काही दिसलं नाही. करार संपला. फिअर आणि डीनुन्झिओ निघून गेले. हिशोबाची वही इथे मिटली असती तर गोष्ट अपयशाची ठरली असती.

पण मर्सर आणि मिलियन वाजवत राहिले. हॅलेडनच्या आसपासच्या मित्रांबरोबर वेगवेगळ्या नावांनी छोटे छोटे बँड केले. होबोकेनमध्ये वॉशिंग्टन स्ट्रीटवर मॅक्सवेल्स नावाचा बार होता. जवळच मॅक्सवेल हाउस कॉफीचा कारखाना, म्हणून ते नाव. त्याच्या मागच्या छोट्या खोलीत कार्यक्रम व्हायचे आणि फीलीज तिथले घरचेच. तिथे ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या आयरा कॅप्लनने पुढे यो ला टेंगो हा बँड काढला, तो आजही वाजवतो आहे.

आणि दूर दक्षिणेत, जॉर्जिया राज्यातल्या अथेन्समध्ये, काही मुलांनी फीलीजच्या तबकड्या घासून घासून ऐकल्या होत्या. त्यांचा बँड आरईएम. ते जगप्रसिद्ध होण्याच्या वाटेवर असताना त्यांचा गिटारवादक पीटर बक न्यू जर्सीला आला आणि फीलीजच्या दुसऱ्या एलपीच्या निर्मितीत त्याने हात लावला. ती 'द गुड अर्थ', १९८६ सालची. पहिल्या आणि दुसऱ्या एलपीमध्ये सहा वर्षं! त्याच वर्षी जोनाथन डेमीच्या 'समथिंग वाइल्ड' या चित्रपटात शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजवणारा बँड म्हणून तुम्हाला हेच लोक दिसतील. १९८९ मध्ये 'रोलिंग स्टोन'ने दशकातल्या शंभर सर्वोत्तम अल्बमांची यादी काढली, त्यात 'क्रेझी रिदम्स' ४९ वी. १९९४ मध्ये वीझर या बँडच्या पहिल्या अल्बमवर निळ्या पार्श्वभूमीवर चार साधी मुलं उभी राहिली, तेव्हा जाणकारांना हॅलेडनची आठवण झाली.

१९९१ नंतर बिल मिलियन फ्लोरिडाला गेला आणि बँड थांबला. २००८ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, मॅनहटनच्या बॅटरी पार्कमध्ये, फोर्थ ऑफ जुलैला. सुट्टीच्या दिवशीच! दुसऱ्या वर्षी होबोकेनच्याच बार/नन या लेबलने 'क्रेझी रिदम्स' पुन्हा काढली आणि सोबत ती जुनी सिंगलही ऐकायला दिली. म्हणजे १९७९ च्या त्या दोन मिनिटांना आपल्याच राज्याच्या लेबलवर यायला तीस वर्षं लागली.

आता एक प्रश्न. हे सगळं चाललं होतं तेव्हा आपण कुठे होतो?

आपल्यातली ज्येष्ठ मंडळी तेव्हा इथेच होती. १९६५ च्या कायद्यानंतर आलेले डॉक्टर, इंजिनिअर. जर्सी सिटी आणि होबोकेनमध्ये भारतीय वस्ती वाढत होती. पण ज्या गावात मॅक्सवेल्सची ती खोली होती, त्याच होबोकेनमध्ये सप्टेंबर १९८७ मध्ये नवरोज मोदी या तरुण भारतीयाला पोरांच्या टोळक्याने मारहाण केली आणि त्यात त्याचा जीव गेला. त्याआधीच्या उन्हाळ्यात स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्यांचं धमकीचं पत्र तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं. आमच्या ओळखीच्या एक मावशी सांगतात, त्या दिवसांत त्या घराबाहेर पडताना कुंकू पुसायच्या आणि घरी आल्यावर पुन्हा लावायच्या. अशा काळात रात्री अकरा वाजता होबोकेनच्या बारमध्ये बँड ऐकायला कोण जाणार? आपण दारं लावून आपल्या माणसांत गात होतो. त्याला कुणी नावं ठेवू नयेत.

पण त्या बंद दारांआड जे गायलं गेलं, त्याचं काय झालं?

हे मी विचारतो, कारण मला उत्तर थोडं ठाऊक आहे. मागच्या हिवाळ्यात एका काकांचं घर आवरायला आम्ही चौघं-पाच जण गेलो होतो. ते आता मुलीकडे राहायला गेले. बेसमेंटमध्ये एक खोकं निघालं, कॅसेटचं. त्यावर पेनने लिहिलेलं, 'गणपती', 'कोजागिरी', 'दिवाळी पहाट, आपले लोक'. काकांनी स्वतः चाली लावलेली गाणी त्यात होती, असं त्यांनीच फोनवर सांगितलं. बेसमेंटमध्ये कधीतरी पाणी शिरलेलं. अकरा कॅसेटपैकी तीन वाजल्या. एकीत कोजागिरीला जमलेल्या बायका कोरसमध्ये गाताहेत, मागे भांड्यांचा आवाज आणि कुणाचं तरी बाळ रडतंय. बाकीच्या आठांतून नुसती खरखर.

ती गाणी हॅलेडनच्या गाण्यांपेक्षा कमी होती असं मला वाटत नाही. हौस तीच, सुट्टीचा दिवस तोच, बेसमेंटही तसंच. फरक एवढाच की हॅलेडनच्या मुलांनी आपली दोन मिनिटं कुणाच्या तरी हाती सोपवली आणि त्याने ती छापून चार दुकानांत ठेवली. विकली किती गेली याला नंतर फार महत्त्व राहिलं नाही. प्रती होत्या, म्हणून अथेन्समधल्या मुलांना सापडल्या आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी माझ्या मुलालाही.

छापायचा खर्च आता राहिलेला नाही. तेव्हा एक विनंती. या वीकेंडला तुमच्या, तुमच्या आईवडिलांच्या, शेजारच्या काकूंच्या बेसमेंटमध्ये उतरा. कॅसेट असतील तर वर आणा, कोरड्या जागी ठेवा. ज्या वाजतात त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. कोण गातंय, कोणतं साल, कुणाचं घर, हे गाणाऱ्यांनाच विचारून लिहून ठेवा, ते आहेत तोवर. आणि मुलं खाली गिटार घेऊन काही खुडबुड करत असतील तर "याचा पुढे उपयोग काय" हा प्रश्न निदान गाणं संपेपर्यंत थांबवा. मी तो त्याच संध्याकाळी विचारला होता. उत्तर मिळालं नाही, पण गिटारचा आवाज बंद झाला. दुसऱ्या दिवशी मीच खाली गेलो आणि म्हटलं, ती निळी रेकॉर्ड लाव.

आपल्या गावात पहिला आवाज नोंदला गेला आणि त्याचा पत्रा हरवला. दुसऱ्यांदा तसं होऊ नये.